हायब्रिड गादी: कोणाच्या पाठीला कोणती, कोणाच्या खिशाला कोणती

खाली स्प्रिंग आणि वर फोम किंवा लॅटेक्स (रबराच्या चिकाचा फोम), एवढीच हायब्रिड गादीची व्याख्या. या व्याख्येत बसणारी गादी १५ हजारांतही मिळते आणि लाखाच्या वरही. बाहेरून दोन्ही पांढऱ्याशुभ्र, दोन्हींवर तशीच नक्षीदार शिलाई. फरक पोटात असतो, पण तो कळायला गादी फाडावी लागत नाही. चार-पाच आकडे विचारायचे, थोडा गुणाकार करायचा आणि दुकानात लाज सोडून १५ मिनिटं आडवं पडायचं.

स्वस्त हायब्रिडमध्ये काटकसर होते ती बहुतेक वेळा स्प्रिंगमध्ये नसते, वरच्या दोन-तीन इंचांत असते. स्प्रिंगचं पोलाद वर्षानुवर्षं तग धरतं. हलका फोम मात्र दोन पावसाळ्यांत बसतो, आणि मग माणूस "स्प्रिंगची गादी घेऊन फसलो" म्हणतो. त्यामुळे पुढचा बराचसा हिशेब त्या वरच्या इंचांचाच आहे.

आधी पलंग मोजा

गादी पाहायला जाण्याआधी टेप घ्या. आपल्याकडे ७२×३६ (सिंगल), ७२×४८ (दिवाण), ७५×६० किंवा ७८×६० (क्वीन) आणि ७५×७२ किंवा ७८×७२ (किंग) ही मापं सहज मिळतात, सगळी इंचांत. पण सुताराकडून करून घेतलेले पलंग या मापांचे बंदे नसतात. गादी चौकटीच्या आत बसणार असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही तीन-तीन जागी मोजा: दोन्ही टोकांना आणि मध्ये. सर्वांत लहान आकडा धरून त्यातून अर्धा इंच वजा करा. कापसाची गादी इंचभर मोठी असली तरी दाबून बसते. स्प्रिंगची बसत नाही. कडेची स्प्रिंग वाकते आणि मध्ये फुगवटा येतो.

मग गादी उचलून खालचा आधार पाहा. लाकडी पट्ट्या असतील तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ३ इंचांपेक्षा जास्त नसावं. जास्त असेल तर स्प्रिंगच्या ओळी त्या फटीत खचतात. प्लायवूड असेल तर मधोमध गुडघा टेकवून दाबा. लवलं तर खालून मधला पाय किंवा आडवी पट्टी हवी. क्वीन आणि किंगला हा मधला आधार असायलाच हवा. स्टोरेजच्या पलंगात दोन झाकणं जिथे जुळतात तिथे उंचसखलपणा असेल तर सुताराला बोलावून आधी तो काढा. गादी घेतल्यावर तो गादीचा दोष वाटत राहतो.

स्टोरेज असलेल्यांनी आणखी एक गोष्ट बघायची, जी सहसा गादी घरी आल्यावरच लक्षात येते. ८ इंची क्वीन हायब्रिडचं वजन २८ ते ३५ किलो भरतं, किंगचं त्याच्या सव्वापट. साध्या झाकणाच्या पलंगात दर वेळी ही गादी सरकवावी लागते, आणि ती कापसाच्या गादीसारखी दुमडत नाही. हायड्रॉलिक पलंगाचे दांडेही हलक्या फोमच्या गादीच्या हिशेबाने बसवलेले असतील तर जड गादीखाली झाकण वर राहत नाही, डोक्यावर येतं. दांडे किती जोर लावतात ते त्यांच्यावर न्यूटनमध्ये छापलेलं असतं. पलंगवाल्याला गादीचं वजन सांगून तेच दांडे चालतील का ते विचारून घ्या.

शेवटचं माप उंचीचं. जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंत १८ ते २२ इंच बरे पडतात: कडेला बसलं की पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या किंचित खाली हवेत. १४ इंची पलंगावर १० इंची गादी टाकली तर पाच फूट उंचीच्या आजींचे पाय लोंबकळतात. अशा घरात जाड गादी घेऊ नका.

आत काय आहे ते कसं विचारायचं

विक्रेत्याकडे खालून वर, एकेक थर इंचांत आणि डेन्सिटीत (तिचा अर्थ पुढे येतो) लिहून मागा. ८ इंची गादीचं बरं उत्तर साधारण असं असतं: तळाला अर्धा ते एक इंच आधाराचा फोम, त्यावर ५ इंच पॉकेट स्प्रिंग, त्यावर एक इंच एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे लगेच उसळी घेणारा) फोम, त्यावर एक इंच मेमरी फोम (अंगाच्या उबेने दबून आकार घेणारा) किंवा लॅटेक्स, आणि मग शिवलेलं कापड. बेरीज ८ ला आली पाहिजे. "मल्टिलेयर कम्फर्ट सिस्टिम" हे उत्तर नाही.

स्प्रिंग दोन जातींची. बोनेल म्हणजे डमरूच्या आकाराची, सगळ्या एकमेकींना तारेने जखडलेल्या. एक दबली की शेजारची ओढली जाते. पॉकेट स्प्रिंग म्हणजे प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवीत. तुमच्या खांद्याखालची दबते, शेजारच्याच्या कमरेखालची जागची हलत नाही. बोनेलवर फोम टाकूनही हायब्रिड म्हणून विकतात आणि व्याख्येने ते खोटं नाही, पण जोडप्यासाठी पॉकेटच घ्या. बोनेल गादीही गुंडाळून खोक्यात येऊ शकते, त्यामुळे खोक्यातून गुंडाळी आली एवढ्यावरून आत पॉकेट आहे असं धरू नका, विचारून घ्या.

स्प्रिंगची संख्या हा जाहिरातीतला लाडका आकडा. तो घरी तपासता येतो. ७५×६० इंच म्हणजे सुमारे १९०×१५२ सेंटिमीटर. एका पिशवीचा व्यास ६ सेंटिमीटर धरला तर ३१ गुणिले २५, म्हणजे साधारण ७७५ स्प्रिंगा मावतात. व्यास ७ असेल तर साडेपाचशेच्या आसपास, ५ असेल तर अकराशेच्या पुढे. कोणी क्वीनमध्ये दोन हजार म्हणत असेल तर एकतर वर इंच-दीड इंच उंचीच्या छोट्या स्प्रिंगांचा दुसरा थर आहे, नाहीतर आकडा फुगवून सांगितला जातोय. छोट्या स्प्रिंगांचा थर वाईट नसतो. तो फोमचं काम करतो आणि हवा खेळती ठेवतो. पण आधार मोठ्या स्प्रिंगांचाच, म्हणून त्यांची संख्या वेगळी विचारा.

संख्येपेक्षा तारेची जाडी महत्त्वाची. गेज (तारेच्या जाडीचा क्रमांक) सांगितला तर उलटा वाचायचा: आकडा मोठा तितकी तार बारीक. मिलिमीटरमध्ये विचारणं सोपं, पॉकेटमध्ये साधारण १.८ ते २.२ मिलिमीटर तार असते. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे घडण तीच ठेवून १.८ ची २.० केली की ताठपणा सुमारे दीडपट होतो. ०.२ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, ९० किलोच्या माणसाला तो फरक पहिल्या रात्री कळतो.

आता फोम. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ती टिकाऊपणा सांगते, टणकपणा नाही. ५० डेन्सिटीचा मेमरी फोम मऊसूत असतो आणि २८ चा साधा फोम टणक बनवता येतो. दुकानात हे दोन्ही एकच समजून बोललं जातं. रोजच्या वापराच्या गादीत वरच्या थराला साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ३२ च्या खाली नको, एचआर फोम ४० च्या आसपास, मेमरी फोम ५० च्या आसपास असला तर उत्तम. नैसर्गिक लॅटेक्स यांपेक्षा बराच जड, ६५ च्या पुढे.

डेन्सिटी खरी सांगितली का? गादी बंद असल्यावर थेट तपासता येत नाही, पण वजन बोलतं. ७५×६० मापाचा एक इंची थर म्हणजे सुमारे ०.०७४ घनमीटर. ४० डेन्सिटीचा थर ३ किलोचा, २८ चा दोन किलोचा. तीन इंच फोमचे ८-९ किलो, पाच इंच पॉकेट स्प्रिंगचे १५ ते २०, कापडाचे दोन-तीन. बेरीज ३० च्या मागेपुढे येते. त्याच मापाची ८ इंची "प्रीमियम हायब्रिड" २० किलोची असेल तर स्प्रिंग बारीक आहे, फोम हलका आहे, किंवा दोन्ही. खोक्यावर वजन छापलेलं असतं. ऑनलाइन पानावर तपशिलाच्या तळाशी सापडतं.

जाता जाता मेमरी फोमच्या जाहिरातींतल्या "नासा तंत्रज्ञान" या शब्दाबद्दल. मेमरी फोम खरोखरच १९६६ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी, विमानाच्या आसनांच्या कामातून आला. तुमच्या गादीत तो एक इंच आहे की अर्धा, आणि कितीच्या डेन्सिटीचा, याचं उत्तर त्या शब्दात नाही.

तुम्ही कसे झोपता

रात्री डोळा लागताना कोणत्या स्थितीत असता त्यापेक्षा सकाळी जाग येते तेव्हा कसे असता ते चार-पाच दिवस टिपून ठेवा. बहुतेकांचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकलेला असतो.

कुशीवर झोपणाऱ्यांना हायब्रिडचा सर्वांत जास्त उपयोग. कुशीवर असताना सगळा भार खांदा आणि नितंबाचं हाड यांवर येतो, मध्ये कंबर अधांतरी राहते. खांद्याला वरच्या दोन-तीन इंचांत शिरायला जागा हवी आणि कमरेला खालून स्प्रिंगने उचलून धरायला हवं. गादी फार टणक असेल तर खालच्या हाताला मुंग्या येतात, खांदा दुखतो. फार मऊ असेल तर कणा झोळीसारखा वाकतो. ५५ किलोच्या आतल्या व्यक्तीने मऊकडे झुकणारी मध्यम गादी घ्यावी, कारण तेवढ्या वजनाने टणक फोम दबतच नाही. ५५ ते ९० पर्यंत मध्यम. त्यापुढे वरचा थर मऊच ठेवा, पण स्प्रिंग २.० मिलिमीटरच्या पुढची घ्या. इथे हमखास चूक होते ती अशी की वजनदार माणूस वरपासून खालपर्यंत टणक गादी घेतो आणि खांदा दुखवून घेतो. आधार खालच्या थराकडून घ्यायचा, मऊपणा वरच्याकडून.

उताणं झोपणाऱ्याला मध्यम ते मध्यम टणक. वर दोन इंचांचा थर पुरे. चार इंच मेमरी फोम घेतला तर नितंब खोल जातात आणि सकाळी कंबर धरते.

पालथं झोपणाऱ्याला टणक आणि पातळ वरचा थर, इंच-दीड इंच. पोटाकडचा भाग खाली गेला की कमरेची कमान ताणली जाते. अशांनी उशी जवळजवळ सपाट घ्यावी. महागड्या हायब्रिडवर जाड उशी घेऊन पालथं झोपलं तर मान दुखणारच.

रात्रभर कूस बदलणाऱ्यांना मेमरी फोममध्ये अडकल्यासारखं वाटतं. त्यांनी वर लॅटेक्स किंवा एचआर असलेली घ्यावी. दोन्ही लगेच उसळी घेतात.

पाठदुखी आणि "ऑर्थो"

"पाठ दुखते ना, मग फळीवर झोप" हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली स्पेनमधला एक अभ्यास आला. कारण नेमकं न सापडणारी जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना टणक आणि काहींना मध्यम टणक गादी दिली, कोणाला कोणती ते न सांगता. ९० दिवसांनंतर मध्यम टणक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला होता. त्यामुळे कंबरदुखीसाठी सुरुवात मध्यम टणक गादीपासून करा. दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरकडे जा.

गादीवरचा "ऑर्थोपेडिक" हा शब्द कंपनीचा स्वतःचा; तो म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हे. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की आत रिबॉण्डेड फोमचा, म्हणजे फोमचा चुरा दाबून केलेला, टणक थर आहे. तो थर ८०-१०० डेन्सिटीचा असतो, आणि हाच आकडा कधीकधी गादीची "डेन्सिटी" म्हणून मोठ्या अक्षरांत छापतात. चुऱ्याच्या थराची डेन्सिटी वेगळी काढा, मग वरच्या फोमची विचारा.

जमिनीवर किंवा पातळ कापसाच्या गादीवर वर्षानुवर्षं झोपलेल्यांना कोणतीही हायब्रिड पहिले दोन-तीन आठवडे बुडाल्यासारखी वाटते. त्यांनी ६ ते ८ इंचांची, वर जेमतेम इंच-दीड इंच फोम असलेली टणक गादी घ्यावी.

दोघांची एकच गादी

एक ५० किलोचा, दुसरा ९० चा. एक पहाटेच्या लोकलसाठी उठणारा, दुसरा उशिरापर्यंत झोपणारा. इथे पॉकेट स्प्रिंगला तोड नाही, पण वरचा थरही तसाच हवा. स्प्रिंग कितीही सुटी असली तरी वर ताणून शिवलेलं जाड क्विल्टिंग (नक्षीदार शिलाईचं कापड) असेल तर हालचाल त्यातून पलीकडे जाते. वजनात २५-३० किलोंचा फरक असेल तर सरळ ७८×३६ च्या दोन वेगळ्या गाद्या ७८×७२ च्या पलंगावर शेजारीशेजारी टाका. फट भरायची पट्टी मिळते, चादर एकच अंथरता येते. घरच्यांना हे विचित्र वाटेल, पण रात्री कोणी बघत नाही.

कडेचा आधार पाहायला विसरू नका. कडेला जाड फोमची चौकट किंवा जाड तारेच्या स्प्रिंगांची रांग असते. ती नसेल तर पाच फुटी गादीची वापरायची रुंदी साडेचार फुटांवर येते, आणि मध्ये लहान मूल झोपत असेल तर हा अर्धा फूट फार मोलाचा. वयस्कर माणसं उठताना कडेवर भार देतात. त्यांच्यासाठी हीच पहिली कसोटी.

घाम, दमट हवा आणि थंडी

स्प्रिंगच्या थरात हवा फिरते, म्हणून हायब्रिड निव्वळ फोमच्या गादीपेक्षा कमी तापते. पण वर तीन-चार इंच मेमरी फोम चढवला की तो फायदा बराचसा गेला. मेमरी फोम तापमानाने बदलतो: नागपूरच्या मे महिन्यात ढिला पडतो, नाशिकच्या जानेवारीत पहिली दहा मिनिटं फळीसारखा लागतो. जेलचा थर हाताला गार लागतो तो सुरुवातीची थोडी मिनिटं. शरीराची उष्णता त्यात साठली की संपलं. एसी नसलेल्या खोलीत लॅटेक्स किंवा एचआर घ्या, वर विणीचं सुती कापड असू द्या. विदर्भात कूलर लावणाऱ्यांनी पलंग थेट कूलरच्या झोतात ठेवू नये. ओली हवा रात्रभर गादीत मुरते.

कोकण, गोवा, मुंबई इथे खरा शत्रू बुरशी. बंद प्लायच्या पलंगावर गादीचा तळ पावसाळ्यात कोंदटतो, काळे ठिपके पडतात, आणि हलक्या दर्जाच्या तारेला गंज चढतो. प्लायला दर फुटावर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे.

पैशाचा हिशेब

पुढचे टप्पे ढोबळ आहेत, ७५×६० मापाच्या ८ इंची गादीचे, सवलतीनंतर हातात द्यायच्या रकमेचे.

१५ हजारांच्या आत हायब्रिड घेऊ नका. या पैशांत स्प्रिंग आणि चांगला फोम दोन्ही बसत नाहीत, आणि कात्री फोमला लागते. तेवढ्यात ६ इंची चांगली एचआर फोमची, किंवा काथ्याच्या पायावर दोन इंच फोम असलेली गादी जास्त टिकेल. भाड्याच्या घरात दोन-तीन वर्षंच काढायची असतील तर हाच शहाणपणा.

१५ ते २५ हजारांत साधी पॉकेट स्प्रिंग आणि दोन इंच फोम मिळतो. फोम ३२ च्या वर आहे हे लेखी घ्या. पाहुण्यांची खोली, वाढती मुलं, सडपातळ एकटी व्यक्ती यांना पुरते. मुलांसाठी याहून जास्त खर्च करू नका. त्यांची उंची गादीच्या वॉरंटीआधी बदलते.

२५ ते ४५ हजार हा बहुतेक घरांसाठी योग्य टप्पा. इथे ४० चा एचआर, एक इंच ५० चा मेमरी फोम किंवा लॅटेक्स, कडेला चौकट आणि २.० च्या आसपासची तार एवढं सगळं एका गादीत मिळू शकतं. यातली एखादी गोष्ट नसेल तर घासाघीस करा किंवा पुढच्या दुकानात जा.

४५ ते ८० हजारांत दोन इंच नैसर्गिक लॅटेक्स आणि झोन असलेली स्प्रिंग, म्हणजे खांद्याखाली मऊ व कमरेखाली ताठ. ९० किलोंच्या पुढच्या व्यक्तींनी आणि दहा वर्षांच्या हिशेबाने घेणाऱ्यांनी हा खर्च करावा. झोनचा फायदा तुमची उंची त्या आखणीत बसली तरच. पाच फुटांच्या व्यक्तीची कंबर खांद्याच्या झोनमध्ये येऊ शकते. झोपून पाहिल्याशिवाय झोनला जादा पैसे देऊ नका. त्यापुढे कापड, जाडी आणि नाव यांचे पैसे वाढत जातात, झोप त्या प्रमाणात वाढत नाही.

पाडवा, दसरा, दिवाळीत सवलती मोठ्या दिसतात कारण छापील किंमतही मोठी असते. टक्के पाहू नका, जीएसटी आणि पोचवणी धरून शेवटची रक्कम विचारा. कंपनीच्या नावाशीही फार निष्ठा नको: स्लीपवेल बनवणाऱ्या शीला फोमने २०२३ मध्ये कर्ल-ऑन विकत घेतली, म्हणजे स्लीपवेल आणि कर्ल-ऑन आज एकाच मालकीच्या. तुलना थरांची करा. गावातला गादी कारखाना डोळ्यांसमोर थर रचून, हव्या त्या मापाची करून देतो आणि तेवढ्याच पैशांत अर्धा इंच लॅटेक्स जास्त टाकतो. वॉरंटी मात्र त्या दुकानाच्या आयुष्याएवढीच.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथली क्वीन ६०×८० आणि किंग ७६×८० इंचांची, त्यामुळे इथून नेलेली ७५ किंवा ७८ इंची गादीची खोळ तिथे बसत नाही. आणि स्वस्त गाद्यांच्या आत आगीपासून बचावासाठी काचतंतूंचं आवरण असू शकतं. बाहेरच्या खोळीला चेन दिसते म्हणून उघडून धुवायला टाकू नका, घरभर ते तंतू पसरतात.

दुकानातली १५ मिनिटं

संध्याकाळी थकून जाऊ नका, तेव्हा सगळ्याच गाद्या छान वाटतात. सैल कपडे घाला, घरची उशी बरोबर न्या. नेहमीच्या स्थितीत किमान १० मिनिटं पडून राहा. मेमरी फोमला अंगाच्या उबेने दबायला एवढा वेळ लागतोच. उताणं असताना कमरेखाली तळहात सरकवा. सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी टणक, अजिबात शिरला नाही तर मऊ, थोडा दाबून गेला तर बरोबर. कुशीवर असताना बरोबरच्याला मागून कण्याचा फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत रेषा साधारण सरळ दिसली पाहिजे.

मग एकाने पडून राहायचं, दुसऱ्याने उठून-बसून पाहायचं. शेवटी कडेला बसा आणि बूट घालायला वाकता तसे वाका. घसरल्यासारखं वाटलं तर कडेचा आधार नाही. नमुन्याची गादी शेकडो लोकांनी दाबलेली असते, तुमची नवी त्याहून थोडी टणक येईल हे धरून चाला.

ऑनलाइन घेताना हे सगळं घरी करायचं, म्हणून परत घेण्याची मुदत ही खरी किंमत. १०० रात्रींची मुदत बऱ्याच कंपन्या देतात. बारीक अक्षरांत हे पाहा: न्यायला माणूस येतो का, पूर्ण पैसे मिळतात का, तुमच्या पिनकोडला ही सोय आहे का, आणि बनवून घेतलेल्या मापाला ती लागू आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा "नाही" असतं.

गादी आली

गुंडाळून आलेली गादी आठवड्याभराच्या आत उघडा. महिनाभर खोक्यात राहिली तर कडा पूर्ण उघडत नाहीत. पलंगावर ठेवूनच प्लास्टिक कापा, कात्रीचं टोक बाहेरच्या बाजूला. २४ ते ७२ तासांत ती पूर्ण फुगते, तोवर खिडक्या उघड्या ठेवा. वास त्या काळात बराचसा जातो. फुगल्यावर चारही कोपऱ्यांची उंची मोजा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर फोटो काढून त्याच दिवशी कळवा.

जुन्या गादीच्या बदल्यात नवी घेत असाल तर नवीच्या प्लास्टिकची बांधणी तपासा. ज्या टेम्पोतून तुमची जुनी जाते त्यातच इतरांच्या जुन्या गाद्या भरलेल्या असतात, आणि ढेकूण असेच शिवणीतून प्रवास करतात.

पहिल्याच दिवशी पाणी न झिरपणारं प्रोटेक्टर घाला. अनेक वॉरंट्या डाग दिसला की संपतात, मग तक्रार स्प्रिंगची का असेना. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याला न्या, नंतर सहा महिन्यांनी. उलटी करू नका; वरचे थर एकाच बाजूला असतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला गादी भिंतीला टेकवून दोन तास पंख्याखाली उभी करा. कापसाच्या गादीसारखी उन्हात टाकून काठीने झोडपणं मात्र बंद: कडक उन्हाने लॅटेक्स आणि फोम पिवळे पडून भुगा होतात, आणि काठीने पिशव्यांची शिवण उसवते.

बिघडलं तर

करकर आवाज येतो म्हणून लगेच गादीला दोष देऊ नका. गादी जमिनीवर टाकून त्यावर लोळा. आवाज थांबला तर पलंगाचे स्क्रू आवळायचे आहेत. जमिनीवरही आला तर तो स्प्रिंगचा.

दोघांच्या जागा बसल्या आणि मध्ये उंचवटा राहिला तर वरचा फोम हलका आहे. वरून टॉपर (गादीवर अंथरायचा पातळ थर) टाकून हे लपतं, जात नाही. टॉपरही तोच खड्डा घेतो. एकाच जागी टोचतं आणि हाताला गोल कडा लागते, तर पिशवी फाटून स्प्रिंग तिरकी झाली आहे. ही दुरुस्ती घरी होत नाही.

वॉरंटीचा दावा करायचा तर खड्डा मोजून दाखवावा लागतो. चादर काढा, दोन तास कोणी बसू नका. गादीच्या दोन कडांवर सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवा किंवा सुतळी ताणून धरा, आणि सर्वांत खोल जागी पट्टीपासून गादीपर्यंत मोजपट्टी उभी धरा. बऱ्याच कंपन्या एक ते दीड इंचाच्या पुढचाच खड्डा मान्य करतात, तेही वजन काढून घेतल्यावर कायम राहणारा. मोजपट्टीचा आकडा वाचता येईल असा एक फोटो, पूर्ण गादीचा एक आणि खालच्या पट्ट्या किंवा प्लाय दिसेल असा एक, हे तीन फोटो बिलासोबत पाठवा. तिसरा फोटो न मागता पाठवा, कारण पलंगाच्या आधाराचा दोष काढून दावा फेटाळायची संधी तोच फोटो बंद करतो.